वर किती गेले, खाली किती आले?

"भाऊसाहेब, डोंगरावर पळून काय मिळतं?" देवगाव रंगारीच्या बसथांब्यावर हा प्रश्न आम्हाला आजवर कितीतरी जणांनी विचारला आहे. विचारणाऱ्यांचे काही चुकत नाही. ज्यांची हयात डोंगरावरून सरपणाचा भारा डोक्यावर आणण्यात गेली, त्यांना सुट्टीच्या दिवशी त्याच डोंगरावर रिकाम्या हातांनी पळत जाणे हा खुळेपणाच वाटणार. तरीही आम्ही काही मंडळींनी तो केला. पहिल्या वर्षी आमच्या हातून एक मोठी चूक झाली. त्या चुकीने आम्हाला साताऱ्यापर्यंत नेले, आणि दुसऱ्या वर्षी आम्ही पुन्हा शर्यत घेतली. वाचकांपैकी कोणी आपल्या गावी असे काही करू पाहत असतील, तर त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा वृत्तांत जसा घडला तसा मांडत आहोत.

देवगाव रंगारी हे कन्नड तालुक्यातले बाजाराचे गाव. जिल्हा पूर्वीचा औरंगाबाद, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. रंगारी म्हणजे कापड रंगवणारे. गावाच्या नावात तो धंदा राहिला आहे, मात्र आज पोट चालते ते कपाशी, मका आणि कांदा यांवर. गावाभोवतीची जमीन बरीचशी सपाट. डोंगर हवा असेल तर उत्तरेला कन्नडकडे किंवा पूर्वेला वेरूळ-खुलताबादकडे जावे लागते. आमची तरुण मुले पहाटे पाचला उठून धावतात, ती डांबरी रस्त्यावर. त्यांच्या डोळ्यांपुढे पोलीस भरती आणि सैन्यभरतीचे सोळाशे मीटर असतात. मुलींपुढे पोलीस भरतीचे आठशे मीटर. अंधारात मालट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात आणि आयांचा जीव घरी टांगणीला लागतो. या मुलांना रस्त्यावरून उठवून मातीवर आणावे, आणि त्यांच्याबरोबर लहानांनी व मोठ्यांनीही धावावे, एवढाच आमचा मूळ विचार होता.

डोंगरशर्यतीची माहिती आम्हाला वाचनातून मिळाली. इंग्लंडच्या उत्तर भागात डोंगराला 'फेल' म्हणतात आणि अशा शर्यतीला 'फेल रेस'. ग्रासमिअर नावाच्या खेड्यात ती एकोणिसाव्या शतकापासून गावच्या जत्रेसारखी भरते. तळातून निघायचे, माथ्यावरच्या खुणेला वळसा घालायचा आणि खाली यायचे. मोठ्यांची शर्यत वेगळी, पोरांची वेगळी. गुळगुळीत रस्ता नाही, महागडे मैदान नाही. धावणाऱ्याने आपली वाट आपण पाहायची. हे वाचून आम्हाला वाटले की, अरे, हे तर आपल्याला जमण्यासारखे आहे. डोंगर आहे, पाय आहेत, आणखी काय हवे?

आणखी काय हवे, ते पुढे कळले.

प्रथम प्रश्न जागेचा आला. एका कार्यकर्त्याने पितळखोऱ्याचे नाव सुचवले. सुचवणे साहजिक होते, कारण आपल्या पूर्वजांचा वारसा म्हणून आपण ती प्राचीन बौद्ध लेणी पाहायला जातोच. पण पितळखोरे गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या परिसरात येते. १९८६ साली ते अभयारण्य जाहीर झाले. तिथे वन खात्याच्या परवानगीवाचून गर्दी नेता येत नाही आणि नेऊही नये. शिवाय लेणी ही पळण्याची जागा नव्हे. तिथे सावकाश जावे, पाहावे. म्हणून आम्ही लेणी आणि अभयारण्य दोन्ही सोडले आणि एका वाडीलगतच्या गायरानातील टेकडी निवडली. ग्रामपंचायतीला अर्ज दिला, पोलीस ठाण्याला कळवले. गायरानाच्या कडेला ज्यांची कसलेली पट्टी होती त्यांच्या घरी जाऊन, पीक तुडवले जाणार नाही असा शब्द दिला. गायरानावर ज्यांचे पोट आहे त्यांना न विचारता तिथे चुन्याची रेघ ओढणे बरे नव्हे.

दुसरा प्रश्न तारखेचा. थंडीत, जानेवारीत घ्यावी असे बहुतेकांचे म्हणणे पडले. तेव्हा एक ताई म्हणाल्या, "जानेवारीत आमची लेकरं इथं असतात का?" त्यांचे खरे होते. आमच्या तालुक्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात, आणि त्यांची मुले हिवाळाभर कारखान्याच्या तळावर कोपीत राहतात. जी मुले सर्वांत चपळ, तीच नेमकी शर्यतीला नसणार! म्हणून कोयते निघण्याआधीचा ऑक्टोबर धरला. कपाशीची वेचणी बुडू नये यासाठी सूर्योदयाला सुरुवात आणि नऊपर्यंत समाप्ती, असे ठरले.

तर ९ ऑक्टोबर २०२२, रविवार. त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला होता. टेकडी हिरवी आणि वाट निसरडी होती. दहा वर्षांपर्यंतची मुले पहिल्या बाभळीपर्यंत, चौदापर्यंतची अर्ध्या चढापर्यंत, त्यापुढची मुले आणि मोठी माणसे माथ्यापर्यंत, अशी वाटणी केली होती. नावे प्रत्येक आळीतल्या कार्यकर्त्याने गोळा केली होती. कोणाकडे वहीचे पान, कोणाकडे पाकिटाची मागची बाजू. सगळ्या याद्यांची बेरीज अठ्ठावन्न. माणसे वर गेली, माणसे खाली आली. आम्ही खाली रेघेवर उभे राहून काड्या मारल्या. अठ्ठावन्न भरले. आम्हाला कोण आनंद झाला! बायका सहावारीचा पदर खोचून धावल्या, साठीच्या एका काकांनी टाळ्या घेतल्या, लिंबू-सरबताचे पिंप रिकामे झाले. बक्षीस म्हणून वह्या आणि पेन वाटले. फलक गुंडाळला.

इतक्यात एक बाई शेताच्या बाजूने आली. नवरा एका मळ्यावर सालगडी, कुटुंब तिथेच राहणारे. ती म्हणाली, "माझं लेकरू कुठंय? ते तुमच्यात पळायला आलंय."

आम्ही याद्या काढल्या. नाव नव्हते. मळ्यावरचे घर कोणत्याच आळीत येत नव्हते, त्यामुळे कोणत्याच यादीत आले नव्हते. पण नाव नव्हते म्हणून पोरगा नव्हता असे कसे म्हणणार? अनवाणी पायांचा, अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा रेघेच्या टोकाला उभा होता हे आमच्यापैकी दोघांना आठवले. एकाने तर त्याला बिस्किटांचा पुडाही दिला होता.

पुढचे अडीच तास आम्ही जन्मात विसरणार नाही. हाका मारून घसे बसले. शेवटी टेकडीच्या पलीकडच्या अंगाला शेळ्या राखणाऱ्या आजोबांनी त्याला बोरीच्या झुडपाखाली पाहिले. घसरून त्याचा पाय मुरगळला होता, घोटा सुजला होता. जीवावरचे काही नव्हते. पण आमच्या हाका त्याला ऐकू येत होत्या आणि तरी त्याने ओ दिली नव्हती. का, असे विचारले तेव्हा म्हणाला, "नाव दिलं नव्हतं ना. बिननावाचा पळालो म्हणून मारताल असं वाटलं."

त्याच्या आईने आम्हाला एक शब्दही बोलून दाखवला नाही. ती बोलली असती तर बरे झाले असते.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. हिशेबाच्या पहिल्या धड्यांतच शिकवले होते की, तेरीज जुळली म्हणजे वह्या बिनचूक आहेत असे समजू नये. जो व्यवहार मुळात लिहिलाच गेला नाही, तो दोन्ही बाजूंनी गळतो, आणि तेरीज बिनबोभाट जुळते. परीक्षेत या प्रश्नाला आम्ही पूर्ण गुण मिळवले होते. नोकरीत वीस वर्षे खतावण्या तपासल्या. आणि डोंगराच्या पायथ्याशी अठ्ठावन्नाला अठ्ठावन्न जुळले म्हणून आम्ही फलक गुंडाळला! ज्याला कोणी लिहिले नाही तो हरवला तरी हिशेब जुळतो, ही गोष्ट आपल्या समाजाला कोणी वेगळी शिकवायला नको होती. तीच चूक आमच्या हातून घडली.

पुढच्या वर्षी शर्यत घेऊच नये, असे दोघा-तिघांचे मत पडले. आम्ही म्हटले, आधी जाणत्या लोकांचे काम पाहून येऊ. महाराष्ट्रात डोंगराच्या वाटेवरची नावाजलेली शर्यत म्हणजे साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन. २०१२ पासून ती भरते. डोंगरावरच्या धावण्यात सर्वाधिक लोकांचा सहभाग म्हणून २०१५ साली तिची गिनेस बुकात नोंद झाली. ती डांबरी घाटरस्त्यावरची शर्यत आहे, फेल रेस नव्हे. पण हजारो माणसे डोंगरावर चढवून परत आणायची कशी, हे तिथे पाहता येईल असे आम्ही ठरवले.

२०२३ च्या पावसाळ्यात आम्ही तिघे निघालो. देवगावहून एस.टी.ने शहर, तिथून नगरमार्गे पुणे, पुण्याहून सातारा. त्या वर्षी ऑगस्ट महिना देशभर कोरडा गेला होता. आमच्याकडे कपाशीने माना टाकल्या होत्या. सातारा मात्र हिरवागार. एका बाजूला अजिंक्यतारा, पश्चिमेला यवतेश्वरचा घाट आणि त्याच्यावर कासचे पठार. धावणारे शहरातून निघतात, यवतेश्वरचा घाट चढतात, कासच्या दिशेने जाऊन वळतात आणि त्याच वाटेने उतरून येतात. एकूण एकवीस किलोमीटर. आम्ही घाटाच्या एका वळणावर उभे राहिलो. पुढे धावणाऱ्यांपेक्षा आमचे लक्ष मागच्यांकडे होते. प्रत्येकाच्या छातीवर क्रमांक. वाटेत पाण्याची ठाणी. चढताना दमलेला एक गृहस्थ कठड्याला टेकला, तर दोन स्वयंसेवक लगेच त्याच्याजवळ गेले. त्यांनी आधी त्याचा क्रमांक वाचला आणि मग पाणी दिले. हे आम्ही मनात टिपून घेतले.

दुपारी आम्ही राजवाड्याजवळच्या प्रतापसिंह हायस्कूलकडे गेलो. साताऱ्याला जाऊन तिथे न जाणारा आपला माणूस विरळा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी या शाळेत एका मुलाचा प्रवेश झाला. रजिस्टरातील क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. ते रजिस्टर शाळेने जपले आहे, आणि २०१७ पासून राज्यात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आम्ही कारकून माणसे, रजिस्टरे हा आमचा रोजचा धंदा. तरी एका ओळीची किंमत काय असते हे त्या दिवशी जेवढे समजले तेवढे कधी समजले नव्हते. वर्गात बसण्याची जागा वेगळी ठेवणारे होते, पण ओळ लिहिली गेली होती.

त्याच शाळेच्या दिवसांतली आणखी एक गोष्ट आमच्यापैकी एकाने परतताना काढली. १९०१ च्या उन्हाळ्यात बाबासाहेब आणि बरोबरची मुले वडिलांना भेटायला आगगाडीने निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. न्यायला कोणी आले नव्हते, कारण मुलांनी पाठवलेले पत्र वडिलांना मिळालेच नव्हते. पुढे बैलगाडीत ती रात्र पाण्याच्या घोटावाचून गेली. जातीचा जाच तर होताच. पण त्या रात्रीची सुरुवात झाली ती एका न पोहोचलेल्या निरोपातून. मुले निघाली आहेत हे ज्याला माहीत असायला हवे, त्याला ते माहीत नव्हते. हे ऐकून आम्ही तिघेही बराच वेळ गप्प होतो.

परत आल्यावर आम्ही डोंगरशर्यतींच्या नियमांचा नीट अभ्यास केला. इंग्लंडमधील डोंगर धावकांची संघटना १९७० साली स्थापन झाली. तिच्या नियमांतली एक गोष्ट आम्हाला सर्वांत मोलाची वाटली. जो धावपटू मध्येच शर्यत सोडतो, त्याने परस्पर घरी जायचे नाही. शेवटच्या रेघेवर येऊन, मी सोडली, असे सांगितलेच पाहिजे. लाज वाटो वा न वाटो. कारण खाली न कळवता घरी जाऊन झोपलेल्या माणसाला शोधण्यासाठी वर धुक्यात दहा माणसे आपला जीव धोक्यात घालत असतात. लांबच्या शर्यतींत शिट्टी, नकाशा, पावसाचे कपडे जवळ बाळगावे लागतात. हे थोतांड नव्हे. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या डोंगरशर्यतीत अचानक गारा, पाऊस आणि बोचरा वारा आला, आणि एकवीस धावपटू थंडीने दगावले. त्यांत त्या देशातले नामांकित धावपटू होते. सहा जणांना वाचवले ते एका मेंढपाळाने, आपल्या गुहेत नेऊन शेकोटीजवळ बसवून. हे वाचताना आम्हाला आमचे शेळ्यांचे आजोबा आठवले.

आम्ही त्यांच्याकडे गेलो. म्हटले, "आजोबा, यंदा माथ्यावर तुम्ही बसायचं." ते हसले. म्हणाले, "ह्या डोंगरावर कोण चढलं, कोण उतरलं, ते मलाच विचारायचं होतं की."

दुसरी शर्यत ८ ऑक्टोबर २०२३ ला झाली. तिच्या आदल्याच रविवारी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या मराठवाड्याच्या अविनाश साबळे यांनी तीन हजार मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक जिंकले होते. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा या गावचा कष्टकरी घरातला हा मुलगा. लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी, पळत जायचा, पुढे सैन्यात महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. पोरांच्या तोंडी त्यांचेच नाव होते. त्यामुळे गर्दी वाढली आणि आमची छातीही धडधडू लागली.

या वेळी केलेली व्यवस्था थोडक्यात अशी. याद्या अनेक नाहीत, वही एकच. तीत आळी नाही, वाडी नाही, आडनावांचा क्रम नाही. जो आला त्याच्या क्रमाने नाव, वय, घरी निरोप कोणाला द्यायचा ते, आणि क्रमांक. कापडाच्या तुकड्यावर मार्करने लिहिलेला क्रमांक छातीवर टाचणीने लावल्याशिवाय रेघेवर उभे राहायचे नाही. पण ज्याने आधी नाव दिले नाही त्याला परत पाठवायचे नाही. त्याचे नाव तिथेच लिहून घ्यायचे. नोंदणी संपली असे आम्ही कोणालाही म्हटले नाही. माथ्यावर आणि अर्ध्या चढावर एकेक माणूस क्रमांक लिहून घेणारा. पलीकडच्या उतारावर फक्कीची रेघ आणि एक स्वयंसेवक, म्हणजे कोणी भलत्या अंगाला उतरू नये. सर्वांत शेवटच्या धावणाऱ्याच्या मागे आमचा एक गडी चालत राहिला, त्याने पुढे जायचे नाही. दहा वर्षांखालच्या मुलांबरोबर प्रत्येकी एक मोठे माणूस. प्रथमोपचाराची पेटी, जाड चिकटपट्टी, दोन घोंगड्या, आणि १०८ च्या रुग्णवाहिकेला टेकडीपर्यंत येणारी वाट आधीच दाखवून ठेवलेली. पाणी एकाच टाकीचे, पेले सर्वांना सारखे. मोठ्यांकडून वीस रुपये, मुलांकडून काही नाही. शेवटी जमाखर्च सर्वांसमोर मोठ्याने वाचला.

वाटेबद्दलही एक सांगतो. चढताना छाती फुटते, पण माणूस सहसा पडतो तो उतरताना. मुरमावर टाच रोवून थांबायला गेले की पाय सुटतो. पावले लहान आणि झटपट टाकावीत, नजर चार हात पुढे ठेवावी. आठवडाभर आधी मुलांना हे टेकडीवर नेऊन शिकवले. अनवाणी पळणाऱ्यांना सराटे नसलेली वाट झाडून दिली.

त्या दिवशी पहाटे वही उघडली तेव्हा रांगेत पुढे मळ्यावरची ती बाई उभी होती, मुलाचा हात धरून. आम्ही त्याचे नाव लिहिले. ती म्हणाली, "वाचून दाखवा." आम्ही वाचले. "आता माझं लिवा." आम्हाला वाटले, निरोपासाठी आईचे नाव सांगते आहे. "न्हाई, मी बी पळणारै." तिचा क्रमांक दोन.

मुलगा त्याच्या गटात नववा आला. आई कितवी आली ते आम्ही सांगत नाही. ती माथ्यावर जाऊन आली, वहीत दोन्ही खुणा आहेत.

नऊ वाजता मेळ घातला. वर गेले एक्याण्णव. खाली आले अठ्ठ्याऐंशी. कोणी टाळी वाजवली नाही. तीन क्रमांक मोठ्याने पुकारले. दोन बहिणी सरबताच्या पिंपामागे सापडल्या, शर्यत अर्ध्यात सोडून लाजेने लपलेल्या. तिसरा गडी शेवटच्या माणसाबरोबर लंगडत येत होता. एक्याण्णव झाले. तरुण मंडळी फलक गुंडाळायला निघाली, तेव्हा वही लिहिणारी आमची मुलगी म्हणाली, "थांबा. एक अजून वर आहे."

आम्ही वहीच्या मागच्या पानावर पाहिले. तिने स्वयंसेवकांचीही नावे लिहिली होती आणि आजोबांच्या नावापुढे खूण नव्हती. सगळे थांबलो. अर्ध्या तासाने शेळ्या पुढे घालून आजोबा आरामात खाली आले. एवढी माणसे आपली वाट पाहत उभी आहेत हे पाहून म्हणाले, "का रं, काय झालं?"

काही झाले नव्हते. मुलीने खूण केली आणि वही मिटली.